सतराव्या मिश्रणात काय चुकलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आई गेली, तिला नाही. थोरल्या बहिणीलाही नाही, आणि तिला तर मी कोणत्या दुकानातून कोणती डाळ आणली तेही सांगते. पुण्यात एक सोय आहे — आपण होऊन सांगितलं नाही तर लोक विचारत बसत नाहीत, परस्पर ठरवून मोकळे होतात. माझ्याबद्दलही ठरवून झालेलं आहे. हुशार, जरा तिरसट, वेळेवर कॉम्प्युटरकडे वळली म्हणून आज खराडीत काचेच्या इमारतीत बसते. मी ते कधी खोडून काढलं नाही. पण आज तुम्ही ऐकताय, आणि मला — थांबा. कुठून सुरू करू?

सेलपासून करते. तेच सोपं.

टॉर्चमध्ये, रेडिओत घालतो ते साधे सेल. संपले की फेकायचे, नवे आणायचे. भोसरीच्या एका कारखान्यात ते बनायचे आणि तिथल्या छोट्या प्रयोगशाळेत मी केमिस्ट होते. नुकतीच एम.एस्सी. होऊन लागलेली. देशाची दारं उघडली होती, बाहेरचा चकचकीत माल दुकानांत दिसू लागला होता आणि आमच्या मालकांना घाई झाली होती. म्हणून आम्हाला काम दिलं — हाच स्वस्तातला सेल पुन्हा पुन्हा चार्ज करता आला पाहिजे.

त्या सेलच्या पोटात मँगनीज डायऑक्साइड असतं. काळी भुकटी, हाताला लागली की दोन दिवस नखांतून जात नाही. सेल वापरताना या भुकटीचं आतून रूप बदलतं. थोडं बदललं तर चार्ज केल्यावर ती मूळ रूपावर येते. फार बदललं, म्हणजे सेल पार निथळू दिला, तर येत नाही. पण तिच्यात दुसरं काही चिमूटभर मिसळलं — बिस्मथचं पिवळं ऑक्साइड, बेरियमचं एखादं संयुग — तर ती जास्त वेळा परत येते. काय मिसळायचं, किती, कोणत्या क्रमानं — आमचं सगळं काम एवढंच. तीन वर्षांचं.

आणि ते काम माझं नव्हतंच खरं तर. ते लांजेवारचं होतं.

लांजेवार तुमसरकडचा. भंडारा जिल्हा, मँगनीजच्या खाणींचा मुलूख. वडील खाणीत कामाला होते. तो म्हणायचा, आमच्या घरच्या चिमण्यासुद्धा काळ्या असतात. प्रयोगशाळेत मी त्याला 'तुम्ही' म्हणायचे, तो मला 'मॅडम'. मनात मात्र पहिल्या महिन्यापासून 'तो'. आज इतक्या वर्षांनी मनातलंच लिहिते आहे, तर 'तो'च म्हणते. भुकटीचा त्याला लळा होता. चिमटीत घेऊन, डोळे मिटून चोळायचा आणि सांगायचा — ही आमच्याकडची नाही. बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

"मँगनीजला घरचा रस्ता ध्यानात राहिला पाहिजे, मॅडम," असं म्हणायचा. "आपण काही मोठं काम नाही करून राहिलो. रस्त्यावर दोन खुणा ठेवून राहिलो."

आमचे साहेब करंदीकर. त्यांना त्याचं बोलणं रुचायचं नाही, आणि अक्षर तर मुळीच नाही. त्याचं अक्षर वाईट होतं हे मान्य करायला हवं. एकदा साहेबांनी एक सेल उचलला, त्यावरची कागदी पट्टी चष्म्याजवळ नेली आणि विचारलं, "लांजेवार, हे सात आहे, नऊ आहे, की आपली सही?" तेव्हापासून सगळ्या पट्ट्या मी लिहू लागले. प्रत्येक सेलवर मिश्रणाचा आकडा आणि पुढे एक अक्षर, माझ्या हातचं. हे लक्षात ठेवा. नंतर लागेल.

आणखी एक लक्षात ठेवा. चाचणीला आठ सेल लागायचे, तो दहा बनवायचा. वरचे दोन आमच्या टेबलावरच्या जुन्या रेडिओत. का, तर त्याची आई भात लावताना एक मूठ तांदूळ जास्त घालते, कुणी आलं-गेलं तर असावा म्हणून. करंदीकरांना हा हिशेब पटला नसता, म्हणून त्यांना कधी सांगितला नाही. जेवणाच्या सुट्टीत तो रेडिओ वाजायचा. डबा उघडल्यावर भाजीचा वास, खिडकीतून येणारी कारखान्याची धग, आणि गाणी. तो गाण्याबरोबर गुणगुणायचा, सुराला अगदी पारखा. मला वाटतं, मी आयुष्यात सगळ्यात सुखी होते ती त्या टेबलापाशी, अर्ध्या तासाच्या सुट्टीत. हे तेव्हा कळलं होतं का? थोडंसं कळलं होतं. तेच तर वाईट आहे.

सोळा मिश्रणं बाद झाली. कुठलं वीस वेळा चार्ज झालं, कुठलं पंचवीस, मग थकलं. सतरावं थकेना. चाळीस झाले, पन्नास झाले. करंदीकरसुद्धा सकाळी पहिल्यांदा आमच्या रॅककडे यायचे आणि काही न बोलता जायचे — त्यांच्याकडून याहून मोठं कौतुक मिळत नसे. त्या दिवसांत एका संध्याकाळी बस थांब्यावर तो मला म्हणाला,

"हे साठ वेळा चाललं की मला पर्मनंट करणार म्हणतात साहेब. मग एखाद्या रविवारी तुमच्या घरी येतो म्हणतो. बाबांना भेटायला. चालेल का जी?"

मी म्हणाले, "शनिवार पेठेत एक ते चार झोपतात. चारनंतर या."

हा माझा होकार होता. तो हसला. त्याला कळलं. बस आली, आम्ही दोघं चढलो, जागा नव्हती, शिवाजीनगरपर्यंत एकाच दांडीला धरून उभे होतो. 

तर आता तो गुरुवार. सांगायला हवा. इथवर दोनदा लिहून मी उठले होते, तुम्हाला खोटं कशाला सांगू.

भोसरीला गुरुवारी कारखान्यांना सुट्टी आणि वीजही बंद. सेल चार्ज करायला वीज लागते, पण सेल उतरवायला — म्हणजे त्यातली शक्ती हळूहळू काढून घ्यायला — वीज लागत नाही. म्हणून आमची रीत होती: गुरुवारी सकाळी आठला सेल उतरवायला लावायचे, दर अर्ध्या तासानं मीटरवर आकडा बघून रजिस्टरमध्ये लिहायचा, आणि पॉइंट नऊ व्होल्टवर आले की हातानं खटका बंद करायचा. त्याखाली जाऊ द्यायचं नाही. संध्याकाळी वीज आली की चार्जिंग. हा गुरुवार लांजेवार स्वतः करायचा, दर आठवड्याला, सण असो नसो. घरी तो आठ महिन्यांत गेला नव्हता.

त्या आठवड्यात गावाहून निरोप आला. वडिलांचे हात थरथरायला लागले होते, चहाचा कप धरवत नव्हता. खाणीत बरीच वर्षं काढलेल्या माणसांना तसं होतं, त्याला माहीत होतं. त्यानं बुधवारची गाडी धरली. जाताना रॅकपाशी उभा राहिला, रॅकवर लिहिलेला चार्जिंगचा त्रेपन्न आकडा बोटानं पुसल्यासारखा चाचपला.

"सांभाळाल ना जी?"

मी म्हणाले, "अहो, आठ सेल आहेत. जुळी नाहीत."

आणि गुरुवारी मी आठला हजर होते. सेल लावले. साडेआठ, नऊ, साडेनऊ — हे तीन आकडे खरे आहेत. त्यानंतरचे नाहीत.

साडेनऊनंतर मी कुलूप लावून बाहेर पडले. डेक्कनला एका सॉफ्टवेअर कंपनीत अकराला मुलाखत होती. चार महिने मी संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं? त्या वर्षांत जो तो जात होता, त्यात लपवायचं काय होतं? पण मी लपवलं. आणि रजा मागितली असती तर करंदीकरांनी विचारलं असतं, म्हणून मीच त्या कंपनीला गुरुवार चालेल का विचारलं होतं. लांजेवार गावी जायच्या आधीच तो गुरुवार ठरलेला होता. तो गेला नसता तर मी फक्त सुट्टीच्या दिवशी मुलाखत दिली असती, इतकंच. पण तो गेला, त्यानं मला विचारलं, आणि मी जुळ्यांचा विनोद केला.

सेल दोनच्या सुमारास पॉइंट नऊवर यायचे. दीडपर्यंत परतू असं वाटलं होतं. लेखी परीक्षा साडेबाराला संपली. मग परीक्षा घेणाऱ्या बाई म्हणाल्या, तुमचा पेपर चांगला गेलाय, जेवून घ्या, आमच्या सरांना तुमच्याशी बोलायचंय. तेव्हा उठता आलं असतं. घरी काम आहे, म्हणता आलं असतं. बरीच वर्षं मी स्वतःला सांगायचे — मी आमच्या दोघांसाठी बसले, एकाची तरी नोकरी भक्कम हवी. छान वाटतं ऐकायला. पण तसं नव्हतं. त्या खोलीत एसी होता, गालिचा होता, माझी नखं पहिल्यांदाच स्वच्छ होती, आणि मला ती खोली हवी होती. घड्याळात दोन वाजलेले मी पाहिले. बसून पाहिले.

भोसरीला पोचले तेव्हा पाच वाजत होते. आठही मीटर शून्याला टेकले होते. सहाला वीज आली, चार्जिंगला लावले. मी पर्स खांद्याला तशीच अडकवून उभी. आठपैकी एकानंही चार्ज घेतला नाही. तीन तास निथळले होते बिचारे, कोणतं मिश्रण परत येईल?

आता इथे तुम्ही म्हणाल, चूक झाली, माणसाच्या हातून होते. थांबा. चूक एवढीच असती तर मी ती केव्हाच सांगितली असती, वर विनोदही केला असता.

मी रजिस्टर उघडलं आणि आकडे लिहिले. दहा वाजता अचानक उतरण. साडेदहाला आणखी. अकराला पॉइंट नऊ, खटका बंद केला. संध्याकाळी चार्जिंग घेत नाहीत. पेन बदललं नाही, शाई तीच, अक्षर तेच — सगळ्यांचा विश्वास असलेलं माझं अक्षर. वाचणाऱ्याला वाटावं, मिश्रण आपल्या मरणानं मेलं. गेटवरच्या वहीत माझं जाणं-येणं वेळेसकट नोंदलेलं होतं. कुणी ती उघडून पाहिली नाही.

शुक्रवारी करंदीकरांनी रजिस्टर वाचलं. म्हणाले, "गुणी मिश्रण होतं. जगायचं तेवढं राहिलं." आणि गेले.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली. आमच्याकडे शेखचाचा होते, भुकटी साच्यात दाबून सेल तयार करायचे, नाना पेठेतले, आमच्या सगळ्यांत जुने. त्यांनी नेहमीसारखा रेडिओ लावला. आणि तो वाजला. खणखणीत.

"बघा बाई," शेखचाचा म्हणाले, "हे दोघं पण सतराचेच ना? यांना कुणी सांगितलं नाय वाटतं मेल्याचं."

ते हसले. मी पोळीचा तुकडा हातात धरून बसले होते. मला त्या क्षणी दिसलं की लांजेवार सोमवारी येईल, पहिल्यांदा रेडिओकडे जाईल, आणि म्हणेल — हे दोन जिवंत, तर ते आठ का मेले? मग गेटवरची वही. मग माझ्याकडे बघणं. नोकरी गेली असती तर जाऊ दे, ती मी सोडणारच होते. पण तो माझ्याकडे ज्या नजरेनं बघायचा ती नजर मला तशीच हवी होती. एवढ्यासाठी — हो, एवढ्याचसाठी — मी जे केलं ते हे:

शनिवारी सगळे चहाला गेले असताना मी रेडिओतले दोन सेल काढले. बाद सेलांच्या खोक्यातून नवव्या मिश्रणाचे दोन मेलेले घेतले. त्यांच्या पट्ट्या पाण्यानं भिजवून सोलल्या, नव्या पट्ट्या कापल्या, आणि माझ्या सुबक अक्षरात लिहिलं, सतरा झ, सतरा ञ. ते रेडिओत बसवले. जिवंत दोन पर्समध्ये टाकले. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

सोमवारी तो आला. सोबत कापडी पिशवीत नवा तांदूळ. "आईनं तुमच्या आईसाठी दिला," म्हणाला. मी पिशवी घेतली. मग करंदीकरांनी त्याला रजिस्टर दाखवलं. तो उभ्या उभ्या वाचत राहिला, आकड्यांवरून बोट फिरवत, जसं आंधळा माणूस फिरवेल. मग मला विचारलं, "मॅडम, आठही? एकाच दिवशी?"

तो माझ्यावरचा संशय नव्हता. संशय असता तर मी कदाचित कोलमडले असते, बोलले असते. तो मला फक्त विचारत होता, आम्ही दोघं नेहमी एकमेकांना विचारायचो तसं. मी म्हणाले, "हो. मलाही नवल वाटलं."

मग तो रेडिओकडे गेला. बटण फिरवलं. काही नाही. सेल काढले, पट्ट्या वाचल्या, मीटरला लावले. दोन्ही शून्य. शेखचाचा तोंड उघडून काही बोलणार होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि साचा पुसायला घेतला. त्यांना कळलं होतं का? मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

लांजेवारनं ते दोन सेल टेबलावर ठेवले, एकमेकांशेजारी, नीट. आणि मला म्हणाला, "तुमचा गुरुवार उगाच वाया घालवला जी मी."

त्यानं माझी माफी मागितली. ऐकताय ना? माझी.

पुढचं थोडक्यात सांगते. एका परदेशी कंपनीशी करार झाला, तयार सेल तिकडून येऊ लागले, आमचं काम बंद. लांजेवार तात्पुरताच होता, त्याला मार्चनंतर ठेवलं नाही. मला डेक्कनचं पत्र आलं ते त्याच सुमारास. शेवटच्या दिवशी बस थांब्यावर तो म्हणाला, "आता कोणत्या तोंडानं येऊ बाबांकडे?" मी म्हणू शकले असते, याच तोंडानं या, चारनंतर या. मी म्हणाले, "पत्र पाठवत जा." त्या दिवशी बसमध्ये बसायला जागा होती. तो मागच्या बाजूला बसला.

तांदूळ आईनं दोन महिने पुरवून खाल्ला. म्हणायची, जरा चिकट आहे, पण वासाला काय सुरेख.

आणि ते दोन सेल? ते मी आमच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओत घातले. एक साधा चार्जर जुळवला, रविवारी बाजारातून मीटर आणलं. सेल पॉइंट नऊवर आले की काढायचे, चार्ज करायचे, आणि कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीनं एक रेघ. आईला वाटायचं, दूधवाल्याच्या रेघा आहेत. का करत होते मी हे? मला वाटतं, ते मरावेत अशी माझी इच्छा होती. लवकर मेले असते तर सतरावं मिश्रण तसंही तकलादूच होतं, असं म्हणता आलं असतं. ते मरेनात. सकाळी आई त्यावर बातम्या ऐकायची, दुपारी गाणी. मी ऑफिसातून येऊन ते वाजताना ऐकायचे आणि मला त्याचं ते बेसूर गुणगुणणं हवं व्हायचं. फार हवं व्हायचं. गाणं संपेपर्यंत चपला न काढता दारातच उभी राहायचे.

दोन वर्षांनी त्याचं पत्र आलं. वडील गेले होते. तो गावाजवळच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागला होता. खाली लिहिलं होतं, त्याच त्या मुंग्यांच्या अक्षरात: "एकच विचारतो. सतराव्या मिश्रणात काय चुकलं, हे तुम्हाला नंतर कधी सुचलं का? तुमची नजर माझ्यापेक्षा बारीक. सुचलं असेल तर एका ओळीत कळवा."

त्या दिवशी कपाटाच्या दाराला एकाहत्तर रेघा होत्या.

आता ज्यासाठी मी एवढं लांबून फिरून आले ते सांगते. गुरुवार नव्हे, रजिस्टर नव्हे, रेडिओही नव्हे. ते सगळं घाबरून केलं, घाईत केलं. हे मात्र शांतपणे केलं, रविवारी सकाळी, टेबलावर कागद ठेवून. आधी लिहिलं, "त्या गुरुवारी मी —" इथवर आले आणि कागद फाडला. दुसरा घेतला. त्यावर लिहिलं, "बेरियम जास्त झालं असावं." खाली नाव. पोस्टात टाकलं. आत रेडिओ वाजत होता.

त्याचं उत्तर पंधरा दिवसांत आलं. "मलाही मनातून तेच वाटत होतं. आता मोकळं वाटलं. तुमचा आभारी आहे."

मी नंतर लिहिलं नाही. त्यानंही नाही. एकशे बाराव्या रेघेनंतर आईचा रेडिओच बिघडला. सेल नव्हे, रेडिओ. पुढे ते घर सोडलं, खराडीला आले. कपाटाचं दार तिथेच राहिलं, सेल माझ्याकडे आहेत. लग्न केलं नाही. त्याचं कारण तो, असं म्हणायला मला आवडेल, पण तेही पूर्ण खरं नाही. दोन स्थळं मला नको होती, दोघांना मी. तरीसुद्धा रविवारी चारनंतर दाराची बेल वाजली की मी उठताना पदर सारखा करते. दारात इस्त्रीवाला असतो.

इथे संपलं असतं तर मी गप्प राहिले असते. पण मागच्या महिन्यात आमच्या टीममध्ये एक नवी मुलगी आली, प्रांजली. हसरी, भरभर बोलणारी. जेवताना कुणीतरी बॅटरीवरच्या स्कूटरचा विषय काढला, तर ती म्हणाली, "अरे, बॅटरीचं तर आम्हाला शाळेतच फुल शिकवलं आहे. आमच्या तुमसरकडे लांजेवार सर होते. दरवर्षी पहिल्या तासाला ते बोर्डवर सतरा लिहायचे."

मी विचारलं, का.

"ती त्यांची स्टोरी आहे, मॅडम. ते पुण्यात होते ना, रिसर्चमध्ये. सतरा नंबरच्या मिक्समध्ये त्यांच्या हातून बेरियम जास्त पडलं, आणि सगळे सेल एका दिवसात मेले. त्यांना समजूनच नाही राहिलं होतं का मेले ते. मग पुण्याच्या एका मॅडमनी पत्र लिहून खरं काय ते सांगितलं. सर म्हणायचे, खरं सांगणारा माणूस भेटला पाहिजे, आणि आपली चूक अशी बोर्डवर सगळ्यांसमोर लिहिता आली पाहिजे. आम्हाला त्यांनी ते पाठच करायला लावलं होतं." ती हसली. "अजून शिकवतात. नंबर आहे माझ्याकडे. बोलायचं का तुम्हाला? तुम्ही पण केमिस्ट्रीवाल्याच ना?"

मी म्हणाले, "नको गं. ते कुठे मला ओळखणार."

डबा बंद केला आणि जागेवर येऊन बसले. खालून सिक्युरिटीच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

तेव्हापासून मला तो फळा दिसतो. दरवर्षी जूनमध्ये, पहिल्या तासाला, खडू घेतलेला त्याचा हात, वाईट अक्षरातला सतरा, आणि समोर बसलेली मुलं, ज्यांना तो सांगतो की चूक माझी होती. या जूनमध्येही त्यानं लिहिलं असेल. पुढच्याही लिहील. नंबर माझ्या शेजारच्या टेबलावर आहे, चार पावलांवर. मी फोन केलेला नाही. करीन असं म्हणत नाही, कारण मी मला ओळखते.

त्यानं एका ओळीत उत्तर मागितलं होतं. ते त्याला द्यायचं होतं, तुम्हाला देते आहे. तेही पळणंच, कळतं मला.

बेरियम बरोबर होतं, सतराव्या मिश्रणात काहीही चुकलं नव्हतं.